जुन्या मोटारीची कोरडी पडलेली लेदरची आसने कशी सुधारावीत

चामडे कमावताना त्याच्या तंतूंमध्ये तेल आणि चरबी मुरवलेली असते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी अधिक उष्णता कोंडते. अशी पंधरा-वीस वर्षे गेली की ही स्निग्धता उणावते आणि आसन पुठ्ठ्यासारखे ताठ होते.

तरीही कंडिशनरची, म्हणजे चामड्यात पुन्हा स्निग्धता मुरवणाऱ्या द्रव्याची, बाटली उघडण्याची घाई करू नये. आसन खरोखर चामड्याचे आहे का, हे आधी पाहावे, कारण वापरलेली गाडी विकताना रेक्झिनचे कव्हरही बिनदिक्कत ‘लेदर’ म्हणून सांगितले जाते. आसनाखाली दुमडलेली कड उलटल्यास चामड्याच्या मागे लवेसारखे तंतू दिसतात, रेक्झिनमागे बहुधा विणलेले कापड असते. चामडेच असेल, तर पाण्याचा एक थेंब आडोशाच्या कोपऱ्यात आणि एक चालकाच्या बाजूच्या झिजलेल्या कडेवर ठेवावा. थेंब जिरून जागा गडद झाली, तर तेथे रंगाचा संरक्षक थर मुळातच नाही किंवा उडाला आहे. थेंब तसाच राहिला, तर थर शाबूत आहे आणि वरून लावलेले कंडिशनर आत फारसे पोहोचणार नाही. अशा ताठ आसनाचे कव्हर कुशनवाल्याकडून उतरवून घेऊन मागच्या बाजूने कंडिशनर लावणे अधिक गुणकारी ठरते. दबलेला फोमही त्याच वेळी बदलता येतो.

स्वच्छतेसाठी कपड्यांचा साबण वापरू नये. चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि साबणातील अल्कली त्याला मानवत नाही. लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशने फिरवून ओलसर मायक्रोफायबर फडक्याने लगेच टिपावा. आसन पूर्ण वाळल्यावर कंडिशनरचे पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. घरचे खोबरेल मात्र टाळावे: ते साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे पुण्याच्या थंडीत शिवणींमध्ये पांढरे दिसू लागते, शिवाय कालांतराने खवट होते. हे काम पावसाळ्यातही काढू नये, कारण दमट हवेत ओल रेंगाळते आणि बुरशी धरते.

भेगा तेलाने बुजत नाहीत, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. भेगाळलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ६०० व नंतर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावा, सैल तंतूंवर ते घट्ट धरून ठेवणारा लेदर बाइंडर द्यावा, भेग बुजवणारा लवचिक फिलर पातळ थरांत भरावा आणि शेवटी पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग व त्यावर टॉपकोट, म्हणजे वरचा संरक्षक थर, लावावा. रंग जुळवण्यासाठी उन्हाने न विटलेला, हेडरेस्टखालचा तुकडा नमुना म्हणून घ्यावा. दुरुस्ती जिथे दिसते तिथे ती बहुतेक वेळा रंगामुळेच दिसते.

आसनाच्या कुशीत एअरबॅग असेल, तर त्या बाजूच्या शिवणीत फिलर किंवा गोंद जाऊ देऊ नये आणि कव्हर पुन्हा शिवताना ती साध्या भक्कम दोऱ्याने घालू देऊ नये, कारण एअरबॅग फुगताना नेमकी तीच शिवण उसवावी लागते.