सगळ्यांनाच पिचर व्हायचंय, मग बेसबॉलच्या टीममध्ये टिकायचं कसं?

आमच्या शाळेत टीम बनत होती तेव्हा कोचनी विचारलं कोण कुठे खेळणार, तर चौदा पोरांपैकी अकरा म्हणाली पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. साहजिक आहे, मुंबईत क्रिकेट खेळून वाढलेलं पोरगं, त्याला एकतर बॉल पाहिजे नाहीतर बॅट. मी पण त्यातलाच. मला टाकलं राईट फिल्डला, म्हणजे बॅटरच्या समोर लांब उजवीकडे, जिकडे शाळेच्या मॅचमध्ये बॉल सगळ्यात कमी येतो, आणि दोन आठवडे मी तोंड पाडून उभा. टीममध्ये राहायचं असेल तर काय शिकायचं ते मला तिथे उभं राहून कळलं, तेच सांगतो.

आधी बॅकअप. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला बॉल, उचलून फर्स्टला (बॅटरला पळत गाठायचा पहिला बेस) थ्रो मारला की राईट फिल्डरने फर्स्टच्या मागे पळायचं, दर वेळी. बहुतेक वेळा फुकटच पळणं होतं आणि कोणी बघत पण नाही. पण एका मॅचला थ्रो फर्स्टवाल्याच्या डोक्यावरून गेला, रनर बिनधास्त सेकंडकडे सुटला, मी मागेच होतो, उचलला आणि सेकंडला मारला, आउट. पुढच्या मॅचला कोचनी मला सेकंडला उभं केलं.

मग क्रिकेटच्या सवयी मोडा. आमच्यातला एक जण बॅट घेऊनच फर्स्टपर्यंत पळाला आणि वर क्रीजमध्ये टेकवतात तशी बेसवर टेकवली पण, अजून चिडवतो त्याला. बॅट खाली सोडायची (फेकायची नाही, मागे कॅचर असतो, आपल्या विकेटकीपरसारखा) आणि बॉल फेअर, म्हणजे दोन रेषांच्या आत, गेला की पळायचंच, इथे मनात आलं तर रन असं नसतं. फर्स्ट ओलांडून सरळ पुढे गेलं तरी चालतं, सेकंड-थर्डला तसं गेलात तर टॅग होऊन, म्हणजे अंगाला बॉल लागून, आउट. बॉल 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे सीझनच्या बॉलपेक्षा हलका पण जरा मोठा, त्यामुळे सुरुवातीला थ्रो वर जातात, टप्पा पाडून मारायची सवय सोडा, समोरच्याच्या छातीवर मारा.

जागा निवडताना एक नको, जोडी निवडा. स्कोअरशीटवर पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्ट 6, मग आउटफिल्ड लेफ्टपासून 7, 8, 9. सहा-चार-तीन डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) म्हणजे बॉल शॉर्टकडून सेकंडला, तिथून फर्स्टला. हे पाठ असलं की 6 वाला आजारी पडला तर 4 वाला तिकडे जाऊ शकतो, दोघांना एकमेकांचं काम माहीत असतं. डाव्या हाताने थ्रो करत असाल तर शॉर्ट-थर्डचा हट्ट नको, फर्स्टला मारायला अंग फिरवावं लागतं, तेवढ्यात रनर पोचतो. तुमच्यासाठी फर्स्ट, आउटफिल्ड आणि हो, पिचिंग.

प्रॅक्टिसला जागा कुठे मिळणार हे आपलं नेहमीचं रडगाणं. बेस ते बेस 90 फूट, टेप घेऊन मोजा आणि दप्तरं ठेवा. पिचर ते होम प्लेट (बॅटर जिथे उभा राहतो ती जागा) 60 फूट 6 इंच, म्हणजे बावीस यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमी, क्रिकेटच्या पिचच्या बाजूला उभं राहून अंदाज घ्या, पिचवर पाय ठेवलात तर क्रिकेटवाले अंगावर येतील. पावसाळ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉल भिंतीवर मारायचा आणि ग्लव्हने खालून उचलायचा, तळमजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप सांभाळून.

पण सगळं येतं म्हणून एकाच दिवशी सगळं करू नका. लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात 13 ते 16 वयाला दिवसाला 95 पिचेसची (टाकलेल्या बॉलची) मर्यादा आहे, आणि चार इनिंग कॅचिंग केलेल्याला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. आपल्या मॅचला हा नियम असो-नसो, खांदा तुमचा आहे, कोचना सांगा.

बेंचवर बसलात तरी काम आहे. आपला कॅचर बेसवर अडकलाय आणि दोन आउट झालेत (तिसऱ्याला बाजू बदलते), तर मास्क घालून तयार राहा, इनिंग बदलली की तो पॅड चढवेपर्यंत पिचरला वॉर्मअप तुम्ही द्या. आणि सुटल्यावर कॅचरची किटबॅग त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारू नका, संध्याकाळी दादरहून ती घेऊन लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय ते एकदा करून बघा, दोघं मिळून लगेजच्या डब्यात चढा.