युरोपातल्या लक्झरी आणि स्पोर्ट्स गाड्यांचे विक्रीचे आकडे कसे वाचायचे

मी चाकणला एका फोर्जिंग कंपनीत पीपीसीला, म्हणजे उत्पादनाच्या नियोजनाला आहे. आमचे पार्ट जर्मनीतल्या एका टियर वनकडे, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या सप्लायरकडे जातात आणि तिथून महागड्या गाड्यांत बसतात, त्यामुळे दर महिन्याला युरोपातले गाड्यांचे आकडे काढून बसणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. शिवाय टाटा मोटर्सचे शेअर घेऊन बसलेले मित्र आहेत, जेएलआरमुळे (टाटांची जग्वार लँड रोव्हर) त्यांनाही युरोपात काय चाललंय ते कळायला हवं असतं, आणि सगळे एकच विचारतात की तिकडे महागड्या गाड्या खपतायत की नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या गाड्यांमध्ये विक्रीचा आकडा म्हणजे मागणी असं धरून चालायचं नाही. आकडा पडला किंवा चढला की पहिले तीन प्रश्न हेच, गाडी बनत होती का, कायद्याने विकता येत होती का, आणि टॅक्स कधी बदलला. लोकांना गाडी आवडली का हा प्रश्न त्यानंतरचा.

आकडे कुठे मिळतात? पूर्ण युरोपासाठी ब्रसेल्सची एसीईए ही गाडी कंपन्यांची संघटना दर महिन्याला तक्ता काढते. त्यात युरोपियन युनियन वेगळं असतं आणि युनियन अधिक एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरेंचा व्यापारी गट) अधिक ब्रिटन वेगळं असतं, हे दोन कॉलम एकमेकांत मिसळू नका, कारण स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि ब्रिटन युनियनमध्ये नाहीत आणि महागड्या गाड्या घेणारे भरपूर लोक नेमके तिथेच आहेत. या तक्त्यात पोर्शेची स्वतंत्र ओळ फोक्सवॅगन ग्रुपच्या खाली सापडते पण लॅम्बोर्गिनी, बेंटली 'इतर' मध्ये जातात, म्हणून फक्त या तक्त्यावर भागत नाही.

मॉडेलपर्यंत जायचं असेल तर जर्मनीची केबीए उत्तम. फ्लेन्सबुर्गला असलेलं हे सरकारी ऑफिस दर महिन्याला मॉडेलनुसार रजिस्ट्रेशन देतं, आणि एफझेड ११ नावाच्या तक्त्यात ते सेगमेंटप्रमाणे लावलेलं असतं. इथे एक जागा आहे जिथे नवीन माणूस हमखास चुकतो. केबीएच्या 'स्पोर्ट्स कार' रकान्यात पोर्शेची ९११ असते पण कायेन ही एसयूव्ही दुसऱ्याच रकान्यात आणि पॅनामेरा, टायकान वरच्या क्लासच्या गाड्यांत असतात, त्यामुळे स्पोर्ट्स कारचा रकाना बघून पोर्शेबद्दल काही ठरवलंत तर कंपनीच्या बहुतेक गाड्या तुमच्या हिशोबाबाहेरच राहिल्या. वर्ग कोणी आणि कसा पाडलाय ते आधी बघा, मग बेरीज करा.

ब्रिटनसाठी एसएमएमटी, ही तिथल्या गाडी कंपन्यांची संघटना. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आकडा येतो.

आता शब्द. रजिस्ट्रेशन, डिलिव्हरी, शिपमेंट, होलसेल, रिटेल हे पाच शब्द बातम्यांमध्ये सर्रास एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. रजिस्ट्रेशन म्हणजे गाडीला नंबर मिळाला, बस, तिच्यामागे खरा गिऱ्हाईक असेलच असं नाही, जर्मनीत टार्गेट पूर्ण करायला डीलर एका दिवसासाठी स्वतःच्या नावावर गाडी पासिंग करून घेतात आणि मग ती जवळपास नवीन म्हणून सवलतीत विकतात. डिलिव्हरी म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात चावी गेली, पोर्शे हा आकडा देते, आणि रिटेलचा अर्थही जवळपास तोच. होलसेल म्हणजे कंपनीने डीलरला दिलेला माल, आणि फेरारीच्या शिपमेंटचा अर्थही त्याच्याच जवळचा. डीलरच्या यार्डात गाड्या साठत असतील तर होलसेल मस्त दिसतं आणि दोन तिमाह्यांनी आपटतं. दोन कंपन्या शेजारी ठेवताना दोघींचा शब्द एकच आहे ना, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका वाचतात.

जेएलआरचंच घ्या. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये होलसेल ४,००,८९८ आणि रिटेल ४,२८,८५४. कोणी म्हणेल वा, दिल्या त्यापेक्षा जास्त विकल्या, साठा कमी झाला. पण होलसेलच्या आकड्यात चीनमधल्या भागीदारीतल्या कंपनीच्या गाड्या धरत नाहीत आणि रिटेलमध्ये धरतात, त्यामुळे हे दोन आकडे सरळ वजा करायचेच नाहीत. आणि त्यांचं वर्ष आपल्यासारखं एप्रिल ते मार्च असतं, पोर्शेचं जानेवारी ते डिसेंबर, तेही लक्षात असू द्या.

यानंतर कॅलेंडर, आणि इथे मी स्वतः पोळलोय. ब्रिटनमध्ये नंबर प्लेटवरचा वर्षाचा आकडा १ मार्च आणि १ सप्टेंबर असा दोनदा बदलतो. नव्या प्लेटची गाडी हवी म्हणून लोक फेब्रुवारीत थांबतात आणि मार्चमध्ये तुटून पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे ८४,०५४ गाड्यांची नोंद झाली आणि मार्चमध्ये ३,५७,१०३, म्हणजे चौपटीच्या वर. मी या कामाला नवीन होतो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मार्चचा आकडा बघून मी मीटिंगमध्ये सांगितलं की ब्रिटन उठतंय, त्या जोरावर जास्तीचं बिलेट, म्हणजे फोर्जिंगला लागणारं कच्चं स्टील मागवलं गेलं, आणि मे महिन्यात कस्टमरचं शेड्यूल होतं तसंच आलं. माल गंजू नये म्हणून ताडपत्री टाकून यार्डात ठेवावा लागला आणि तो संपायला दिवाळी उजाडली. तेव्हापासून मी महिन्याची तुलना आदल्या महिन्याशी करतच नाही. मार्चची तुलना मागच्या मार्चशी, आणि त्याहून बरं म्हणजे प्रत्येक महिन्याला मागच्या बारा महिन्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा आलेख काढायचा, एक्सेलमध्ये एका कॉलमचं काम आहे. प्लेटचा महिना, उन्हाळ्यात कन्व्हर्टिबल जास्त जाणं, डिसेंबरचं टार्गेट, हे सगळं त्या बेरजेत विरघळून जातं आणि उरते ती खरी चाल.

टॅक्सचं मात्र बेरजेतही विरघळत नाही, ते हातानेच लिहून ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये नव्या गाडीच्या सीओटूवर एकदाच दंडासारखा टॅक्स लागतो, त्याला तिथे मालुस म्हणतात. २०२४ मध्ये त्याची कमाल ६०,००० युरो होती, मार्च २०२५ पासून ७०,००० आणि २०२६ मध्ये ८०,०००. साधी ९११ सुद्धा सीओटूत वरच्या टोकाला बसते, म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात नुसता हा टॅक्स. आता असा टॅक्स वाढायच्या आधीच्या आठवड्यांत लोक घाईने गाडी नावावर करून घेतात आणि नंतर आकडा पडतो. शिवाय काही फ्रेंच गिऱ्हाईक जर्मनीत रजिस्टर झालेली गाडी लीजवर घेऊन फ्रान्समध्ये चालवत आलेत, अशी गाडी मोजली जाते जर्मनीत. म्हणून फ्रान्समध्ये स्पोर्ट्स कार मेली असं म्हणायच्या आधी जर्मनीचाही रकाना बघा. ब्रिटनमध्येही ४०,००० पौंडांच्या वरच्या गाडीवर रोड टॅक्सचा जादा बोजा असतो, एप्रिल २०२५ पासून तो इलेक्ट्रिकलाही लागू झाला, आणि वर दिलेल्या त्या मार्चच्या उसळीत या घाईचाही हात होता.

आता कायदा आणि माल, दोन्ही एकाच उदाहरणात बघू, पोर्शे २०२४. बातमीची ओळ अशी होती की विक्री ३ टक्क्यांनी घसरली, ३,२०,२२१ वरून ३,१०,७१८. बस, एवढं वाचून कोणी म्हणेल युरोपातला श्रीमंत माणूस हात आखडता घेतोय. पण प्रदेशवार फोड करा. जर्मनी ३२,४३० वरून ३५,८५८, बाकीचा युरोप ७०,२२९ वरून ७५,८९९, म्हणजे युरोप मिळून जवळजवळ ९ टक्के वाढ. पडलं ते चीन, ७९,२८३ वरून ५६,८८७. पूर्ण घसरण खाऊन बसलेला हा एकच प्रदेश.

मग मॉडेलवार फोड करा. टायकान ४०,६२९ वरून २०,८३६, निम्मी. कायेन ८७,५५३ वरून १,०२,८८९. ९११ जिथल्या तिथे, ५०,१४६ वरून ५०,९४१. आणि ७१८, म्हणजे बॉक्स्टर आणि केमन, २०,५१८ वरून २३,६७०, तब्बल १५ टक्के वर. आता गंमत ऐका, युरोपियन युनियनमध्ये ७१८ आणि मकान या एसयूव्हीचं पेट्रोल मॉडेल त्याच वर्षी बंद झाले, कारण जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना आर१५५ हा सायबर सुरक्षेचा नियम लागू झाला आणि या जुन्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स त्यात बसत नव्हती. बदलायचा खर्च परवडणारा नव्हता, गाडीच काढून घेतली. म्हणजे बंद होणारी गाडी त्याच वर्षी वाढलेली दिसते, आणि माझ्या मते त्यात संपायच्या आत घेऊन टाकू या धावपळीचा मोठा वाटा आहे. पुढच्या वर्षी ती पडलेली दिसली तर त्याला मागणी घटली म्हणायचं नाही, दुकानात गाडीच नव्हती. ऑडी टीटी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, आर८ २०२४ मध्ये, तिथेही हेच.

जग्वार तर याचं सगळ्यात ठळक उदाहरण. २०२४ च्या शेवटी ब्रिटनमध्ये नवीन जग्वार विकणंच थांबवलं, इलेक्ट्रिक ब्रँड म्हणून परत यायचं म्हणून. तक्त्यात जग्वारची ओळ जवळपास शून्याकडे गेली आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी तेवढंच फिरवलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यानंतर जेएलआरचे कारखानेच काही आठवडे बंद होते, त्या तिमाहीचा आकडा त्या कारणाशिवाय वाचला तर काहीही अर्थ निघू शकतो. टाटांचे शेअर असणाऱ्यांनी (टाटा मोटर्सच्या दोन वेगळ्या कंपन्या झाल्यावर जेएलआर पॅसेंजर व्हेइकल्सच्या कंपनीत आहे) रेंज रोव्हर, रेंज रोव्हर स्पोर्ट आणि डिफेंडर या तीन गाड्या बघाव्यात, बहुतांश विक्री तिथेच आहे.

फेरारी, लॅम्बोर्गिनीला वेगळी फूटपट्टी लागते. फेरारीने २०२३ मध्ये १३,६६३ आणि २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या पाठवल्या, वाढ एक टक्कासुद्धा नाही, पण महसूल जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढून ६६८ कोटी युरोच्या आसपास गेला. ते मुद्दामच गाड्या मोजून बनवतात, पैसा महागड्या मॉडेलमधून आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या रंग, लेदर, कार्बनमधून येतो. तिथे गाड्या मोजून ट्रेंड कळत नाही, महसूल भागिले गाड्या करा आणि ऑर्डर बुक कुठल्या वर्षापर्यंत भरलंय ते वाचा. आणखी एक, फेरारीचे ६,२०४ आणि लॅम्बोर्गिनीचे ४,२२७ हे २०२४ चे आकडे युरोपचे म्हणून फिरतात पण त्या रकान्यात मध्यपूर्व आणि आफ्रिकाही आहे, म्हणजे दुबईची गाडीसुद्धा त्यातच.

छोट्या देशाची टक्केवारी तर वाचूच नका. समजा एखाद्या देशात ४ च्या ७ लॅम्बोर्गिनी झाल्या, बातमी होईल ७५ टक्के वाढ, आणि प्रत्यक्षात तीन माणसांनी गाडी घेतली. शंभराच्या खाली आकडा असेल तिथे मी टक्के काढतच नाही, नुसत्या गाड्या लिहितो.

माझ्या शीटमध्ये डावीकडून पहिला कॉलम महिना, दुसरा आकडा, तिसरा तो आकडा रजिस्ट्रेशन आहे की डिलिव्हरी की होलसेल, चौथा बारा महिन्यांची बेरीज, आणि पाचव्यात हाताने लिहिलेलं, 'मालुस वाढला', '७१८ बंद', 'नवी प्लेट', 'कारखाना बंद'. पाचवा कॉलम भरल्याशिवाय मी चौथ्याचा आलेख साहेबांना दाखवत नाही, आणि बिलेटची ऑर्डर आता तोच कॉलम बघून निघते.