गणपतीला गावी निघण्याआधी: जुन्या एसयूव्हीच्या ॲव्हरेजची तयारी

गणपतीला महिना उरला की मी गाडीची वही बाहेर काढतो. पुणे ते देवरुख, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असं करत तीनशे किलोमीटरच्या थोडं वर जातं. गाडी २००९ सालची, २.२ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, सात सीट. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलंय, हरित कर भरलाय, म्हणजे अजून पाच वर्षं ती आमच्याकडेच राहणार. दोन वर्षांपूर्वी ती लिटरला ९.६ देत होती, आता १२ देते, आणि त्यासाठी इंजिन खोलावं लागलं नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर १,२५० लिटरच्या जागी १,००० लिटर. डिझेल ९० रुपये धरा, साडेबावीस हजार रुपये होतात.

"जुनी गाडी पिणारच," असं म्हणून लोक सोडून देतात, ते मला पटत नाही. उलट जास्त पिणाऱ्या गाडीतच सुधारणेला जास्त किंमत असते. छोटी गाडी १९ वरून २० वर गेली तर १२,००० किलोमीटरला जेमतेम ३२ लिटर वाचतात. स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, सुमो अशी जुनी गाडी ९ वरून १० वर आली तर १३३ लिटर. म्हणून एका किलोमीटरसाठीही खटपट करावी.

पहिलं काम मोजण्याचं, आणि ते महिनाभर आधीच सुरू करायचं. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा असला तरी त्यावर विसंबू नका. ठरलेल्या पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, सकाळी, पहिल्या कट-ऑफपर्यंत, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा. त्यानंतर पोऱ्याला "राउंड फिगर कर" म्हणू नका. वरून ओतलेलं अर्धा-एक लिटर सगळा हिशोब बिघडवतं. रीडिंग लिहा, निदान तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा आणि भागाकार करा. पंपाच्या मापाविषयी शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते प्रत्येक पंपावर असावंच लागतं आणि ग्राहकाला मोजून दाखवावं लागतं.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. टायर कंपनीच्या मापाचेच आहेत का? २३५/७० आर १६ च्या जागी कुणी रुबाबासाठी २४५/७५ आर १६ टाकले असतील तर चाकाचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटरवरून ७७४ वर जातो, म्हणजे पाच टक्के मोठा. गाडी १०५ किलोमीटर जाते आणि मीटर १०० दाखवतो. निम्मं दुःख कागदावरचंच असतं. पण उरलेलं निम्मं खरं, कारण जड, रुंद टायर फिरवायला इंजिनाला जास्त राबावं लागतं. टायर बदलायची वेळ आली की मूळ मापावर या.

आकडा हातात आला की आधी फुकटची कामं. डिकी रिकामी करा. माझ्या डिकीतून जुनी बॅटरी, दोन कॅन, तुटका जॅक, लग्नातली सतरंजी आणि अर्धं पोतं वाळू असं चाळीस किलो निघालं. वजनापेक्षाही टपावरच्या कॅरियरकडे लक्ष द्या. ही गाडी मुळातच कपाटासारखी चौकोनी. तिच्या डोक्यावर लोखंडी जाळी ठेवली की हवा कापायला आणखी त्रास. वर्षातून दोनदा लागणारं कॅरियर बाराही महिने वागवू नका, चार बोल्ट काढून माळ्यावर ठेवा. पुढचं लोखंडी गार्डही उतरवा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, आणि टक्कर झाली तर ते पायी चालणाऱ्याला तर मारतंच, आतल्या एअरबॅगच्या कामातही आडवं येतं.

मग हवा. टायर थंड असताना, घरातून निघून दोन-तीन किलोमीटरच्या आत. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि पोऱ्या चांगली हवा सोडून देतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो. काहीशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या. माझ्या नेहमीच्या पंपावरचं मीटर चार पीएसआय जास्त दाखवत होतं, म्हणजे वर्षभर मी चार कमी भरून फिरत होतो. स्टेपनीचीही हवा बघा, कुंभार्लीत पंक्चर झाल्यावर ते सुचून उपयोग नाही.

आता गॅरेज. याच टप्प्यावर लोक पैसे चुकीच्या जागी घालतात: इंजेक्टर साफ करण्याची बाटली, इंधनाच्या पाइपला लावायचं चुंबक, लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि त्यातल्या फारच थोड्यांनी काही फरक पाडला. ते पैसे ब्रेककडे वळवा.

ब्रेकची तपासणी तुम्ही स्वतःच करू शकता, आणि माझ्या मते या सगळ्या तयारीत तीच पहिल्या नंबरची. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक फार न लावता गाडी आपसूक थांबू द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. टेकवू नका, जवळ धरला तरी कळतं. माझी तीन चाकं कोमट होती आणि मागचं डावं इतकं तापलं होतं की हात मागे घ्यावा लागला. जळक्या लायनरचा वास येत होता. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन थांबत होतं. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर गंजला होता, त्यामुळे ब्रेक सोडला तरी शू ड्रमला घासत राहायचे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे होतंच. दोन्ही मागच्या चाकांचे सिलिंडर बदलले, हँडब्रेकची केबल मोकळी केली, पुढच्या कॅलिपरच्या पिनांना ग्रीस घातलं. पुढची टाकी ९.६ वरून १०.५ वर गेली. त्याच वेळी व्हील बेअरिंगचा आवाज ऐकून घ्या आणि अलाइनमेंट करा. फोर बाय फोर असेल तर पुढची हब, म्हणजे चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं, सुटतात का तेही बघा.

दुसरी मोठी गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉलची. आपल्याकडे गाडी एकदा तापली की काही मिस्त्री हा वॉल काढूनच टाकतात. पुन्हा तापत नाही हे खरं, पण इंजिन कायम थंड राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं. मी गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा तो आतमध्ये नव्हताच, आणि मला दीड वर्ष कळलं नाही. खूण मात्र समोर होती: डिसेंबरमध्ये पसरणी घाट उतरताना तापमानाचा काटा मधून खाली खाली येत तळाला टेकायचा आणि हीटरची हवा गार व्हायची. निरोगी गाडीत काटा दहा-पंधरा मिनिटांत मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. कंपनीच्या आकड्याचा नवा थर्मोस्टॅट बसवा, कूलंट बदला. मात्र आधी गाडी तापत का होती ते शोधून घ्या, नाहीतर जुना आजार परत वर येईल. रेडिएटर बाहेरून धुऊन घ्या आणि पुढचा पंखा बघा. व्हिस्कस क्लचचा (गरजेपुरताच जोरात फिरणारा) पंखा जाम झाला तर तो सतत ट्रकसारखा घोंगावतो आणि इंजिनाची ताकद खात बसतो.

मग हवेचा रस्ता. एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर उन्हाकडे धरा, घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरने बाहेरून हवा मारून साफ करू नका, धूळ कागदात आणखी रुतते. फिल्टरपेक्षा महत्त्वाचा टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचा, रबरी पाइप. पंधरा वर्षांत रबर कडक होतं, क्लिपपाशी चीर जाते. दाबलेली हवा तिथून निसटते, पिकअप मरतो, पाय खोल जातो, मागून काळा धूर येतो. बॉनेट उघडून पाइपच्या जोडांवरून कोरडं फडकं फिरवा. एका ठिकाणी ओलसर तेलकट काळा डाग लागला तर गळती तिथेच. कुणाला तरी रेस द्यायला सांगून कान जवळ न्या, बारीक शिट्टी ऐकू येते. ईजीआर वॉलमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल) काजळी साचली असेल तर साफ करून घ्या, बंद मात्र करू नका.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पारदर्शक बाटली धरून सोडा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्वच्छ दिसते. पावसाळ्यात हे चुकवू नका, कारण तेच पाणी पुढे इंजेक्टर खातं. इंजेक्टरवर संशय असेल तर मिस्त्रीला रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोट्या बाटल्या लावतात, जी भराभर भरते तो इंजेक्टर झिजलेला. ही टेस्ट झाल्याशिवाय चारही इंजेक्टर बदलायला कुणी सांगत असेल तर हो म्हणू नका. मला एका गॅरेजने तसं सांगितलं होतं, आकडा पन्नास हजारांच्या पुढे होता. टेस्टमध्ये एकच खराब निघाला.

ऑइल पुस्तिकेत दिलंय त्याच ग्रेडचं, डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये. क्लच बघायला वरच्या गिअरमध्ये पन्नासला असताना ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या आणि गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतेय. गाडी पेट्रोलची असेल तर प्लग आणि ऑक्सिजन सेन्सरवर लक्ष द्या. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत घाण एअर फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही.

ही सगळी कामं एका दिवसात उरकू नका. एक काम, एक टाकी, वहीत एक ओळ. महिन्यात सगळं बसलं नाही तर ब्रेक, थर्मोस्टॅट आणि पाइप आधी, बाकी दिवाळीपर्यंत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सामान आतच बसवा, जड डबे सीटच्या पाठीला लागून, आणि मागच्या चाकांत भरलेल्या गाडीची हवा भरा. टपावर बांधावंच लागलं तर बोजा बुटका आणि ताडपत्रीने घट्ट, टोकं फडफडत ठेवू नका. पहाटे चारला निघा. खेड शिवापूर आणि खंबाटकी उजाडायच्या आत मागे टाकले की तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरची रांग टळते. एसी लावून उभ्या असलेल्या मोठ्या डिझेल गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. टोलवर किंवा फाटकावर मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद करा.

कराडपर्यंत रस्ता चांगला आहे म्हणून पाय दाबू नका. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि चौकोनी गाडीला तो सगळ्यात जास्त लागतो. मी ८० ते ८५ धरतो. कराडला पोहोचायला वीसेक मिनिटं जास्त जातात. या वेगाला काचा बंद आणि एसी चालू परवडतो.

कुंभार्ली उतरताना न्यूट्रल कधीही करू नका. डिझेल वाचतं ही समजूत चुकीची आहे. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्शन जवळजवळ बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातच राहतं, आणि माणसांनी भरलेली गाडी फक्त ब्रेकवर येते. चावी बंद करून उतरणं तर जीवघेणं, कारण दोन-चार वेळा पाय दाबल्यावर ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरने तो घाट चढला असता, त्याच गिअरने उतरा. चढताना इंजिन गुदमरू देऊ नका. टॉप गिअरमध्ये थरथरत चढण्यापेक्षा एक गिअर खाली, मिनिटाला १,८०० च्या आसपास फेऱ्या, हलका पाय.

परतीला विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात शिरल्यावर थेट घरी जाऊ नका. त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा, सामान उतरवायच्या आधी रीडिंग लिहा, आणि कॅरियर त्याच रविवारी काढा.