घराच्या बाजूच्या बोळात कोकण

नागपुरात घर आणि कंपाउंडच्या मधल्या चार फुटी पट्टीत नारळ लावायचा हट्ट नकोच. पंधरा फुटी झावळ्या जातील कुठे? भिंतीलगत गवती चहाचे ठोंब लावा, किनाऱ्यावरच्या गवताचा भास तेवढ्यानेही होतो. खाली मर्यादवेल सोडा. ही खरी समुद्रकाठची वेल, खारं सोसणारी. कूलरच्या टाकीत पाणी उडून क्षार साचतात. ते उरलेलं पाणी इतर रोपांना नको, हिला चालतं. फक्त दर पंधरवड्याला छाटा, नाहीतर वाट गिळते.

आपली काळी माती पावसात चिकट, मे महिन्यात भेगाळलेली. त्यामुळे वाफा वीतभर उंच करून त्यात मुरूम आणि कन्हान नदीची रेती मिसळा. पांढरे गोटे मात्र टाळा, ४५ अंशांत डोळे दिपतात.