कडब्याच्या धांड्यांपासून पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी खेळणी

पिंजऱ्यातील पक्ष्याचे खेळणे मोडण्यासाठीच असते. मोकळ्या रानात पक्ष्याच्या दिवसाचा बराच वेळ दाणा शोधण्यात, सोलण्यात आणि कुरतडण्यात जातो. पिंजऱ्यात मात्र भरलेली वाटी समोर असते आणि चोच रिकामी राहते. अशी रिकामी चोच पुष्कळदा स्वतःचीच पिसे उपटू लागते. म्हणून खेळणे करायला बसण्यापूर्वी त्याचा प्रत्येक तुकडा सुटून पक्ष्याच्या तोंडात गेला आहे, असे गृहीत धरावे आणि त्या तुकड्याने काय होईल, एवढाच विचार करावा. दिसायला सुबक असलेली बरीचशी बाजारी खेळणी या कसोटीला उतरत नाहीत.

येथे दिलेली मापे बजरीगर आणि कॉकॅटिल या लहान पोपटवर्गीय पक्ष्यांसाठी आहेत. बजरीगरला आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा आणि चोचीने अधिक बळकट असतो. आपला हिरवा पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

खान्देशात या कामासाठी सर्वांत स्वस्त आणि उत्तम वस्तू म्हणजे ज्वारीचा कडबा. दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, धांडे सोलून आतल्या पांढऱ्या, हलक्या भेंडाच्या बैलगाड्या करणे हा खेड्यातील मुलांचा जुना खेळ आहे, आणि हाच भेंड बजरीगरच्या लहान चोचीला अगदी योग्य ठरतो. धांडे पूर्ण वाळलेले असावेत. कोवळी हिरवी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्यातून निर्माण होणारे हायड्रोसायनिक आम्ल हे त्याचे कारण आहे, आणि चांगल्या वाळलेल्या कडब्यात त्याचे प्रमाण पुष्कळ उतरलेले असते. पावसात भिजलेला, काळे डाग पडलेला किंवा कुबट वास येणारा कडबा मात्र घेऊ नये, कारण बुरशीचे कण पक्ष्याच्या फुप्फुसांत जाऊन जीवघेणा आजार होऊ शकतो. कपाशीची पऱ्हाटी फुकट मिळत असली तरी ती टाळावी. हंगामभर तिच्यावर किती फवारण्या होतात हे आपण पाहतोच.

धांड्याची साल पूर्ण काढून टाकावी. ही साल उभी चिरली की तिची कड पात्यासारखी होते आणि माणसाचे बोटही सहज कापते. भेंडाचे तीन-तीन सेंटिमीटरचे सात-आठ तुकडे करावेत. दाभणाने प्रत्येकाच्या मधोमध आरपार छिद्र पाडावे; दाभण सावकाश फिरवत घातले तर भेंड फुटत नाही. मग एक तुकडा भेंडाचा, एक चौकोन पळसाच्या कोरड्या पानाचा, अशी माळ ओवावी. सर्वांत खाली कडुनिंबाच्या काडीचा बोटभर तुकडा आडवा बांधला की माळ निसटत नाही. बजरीगरसाठी अशी माळ वीतभरापेक्षा लांब नसावी.

ओवायला काय घ्यावे, हा या कामातील खरा प्रश्न आहे. मी पहिली माळ सुतळीत ओवली होती. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तो मादी एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायाच्या बोटाभोवती सुतळीचा केसाएवढा बारीक धागा आवळून बसला होता. बोट सुजून जांभळे पडले होते. पक्ष्याला रुमालात धरून नखे कापायच्या कात्रीने तो धागा काढताना माझे हात थरथरत होते. बोट वाचले, पण त्या दिवसापासून सुतळी, लोकर, सुती दोरा आणि नायलॉन या चारही वस्तू मी पिंजऱ्याजवळ येऊ दिलेल्या नाहीत. असे धागे पायात अडकतात आणि गिळले गेले तर अन्नपिशवीत त्यांचा गोळा होतो. त्याऐवजी केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सालीची पट्टी वापरावी. ती ओढ बसली की तुटते, आणि येथे तिचे तुटणेच हवे आहे. ही साल परसातल्या केळीची असावी. रावेर-यावलकडच्या बागांत करप्यासाठी औषधे फवारली जातात. पट्टी तुटणारी असली तरीही दोन तुकड्यांमध्ये ती बोटाच्या रुंदीपेक्षा अधिक मोकळी ठेवू नये आणि कोठेही फास राहू देऊ नये.

टांगण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा आकडा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेली तार चोचीने खरवडली गेली की जस्त पोटात जाते, आणि इतक्या लहान जिवाला त्याची थोडी मात्राही विषारी ठरते. शिसे तर त्याहून वाईट, म्हणून डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेले सांधे असलेली वस्तू नको. घुंगरू हौसेने बांधले जातात, पण त्यांच्या फटीत नख अडकते.

दाणा शोधायला लावणारे खेळणे याहूनही सोपे आहे. पळसाच्या पानांचा द्रोण घ्यावा, प्लास्टिकचा थर असलेला नको. त्यात चिमूटभर बाजरी किंवा राळे टाकून वरून कोऱ्या कागदाचे चुरगळलेले गोळे भरावेत. पक्ष्याला पहिल्या दिवशी दाणे दिसतील इतपत ते उघडे ठेवावेत, नंतर हळूहळू झाकत जावे. चकचकीत छपाईचा कागद, चिकटपट्टी, पिना आणि थर्माकोल यांतले काही वापरू नये. कॉकॅटिलला कागद फाडण्याची इतकी आवड असते की त्याच्यासाठी नुसता कोरा पुठ्ठाही पुरतो.

झोका करायचा तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्या कडुनिंबाला आपण झोके बांधतो, त्याचीच सालीसकट काठी घ्यावी. बजरीगरसाठी ती करंगळीएवढी, कॉकॅटिलसाठी अंगठ्याएवढी जाड असावी. मधे जाड-बारीक असली तर पायांना अधिक चांगली. पेरू आणि शेवग्याच्या काठ्याही चालतात. कण्हेर, रुई, धोतरा, एरंड आणि घाणेरी यांची काडी मात्र चुकूनही आणू नये.

काठ्या ब्रशने घासून, धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा एक दिवसही पुरे होतो.

तयार खेळणे एकदम आत टांगू नये, कारण पक्षी बिचकून जाळीवर आपटतो. दोन दिवस ते पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल असे ठेवावे, मग पाण्याच्या वाटीपासून दूर आत लावावे आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे जवळ बसून पाहावे. रोज सकाळी पट्टी, गाठ आणि आकडा तपासावा. पट्टी सुटी लोंबू लागली किंवा खेळण्यावर विष्ठा साचली की ते टाकून द्यावे. माझ्याकडे भेंडाची माळ सहसा चार दिवस टिकते, आणि पाचव्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा भुगा आणि कडुनिंबाची ती एक काडी तेवढी उरते.