लॅपटॉपचा पिन-मॉड करताय? या चुका टाळा

इंटेलच्या कोअर टू ड्युओ पिढीतल्या जुन्या लॅपटॉपचा वेग हार्डवेअरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या पिनांची जोडणी बदलून (हाच पिन-मॉड), वाढवता येतो, आणि जमलं तर फरक रोजच्या वापरात कळतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सहसा त्यासाठी काही सोय नसते आणि मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) वरच्या बाजूने लॉक असतो, त्यामुळे उरते ती एफएसबी, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटला जोडणारी बस, जिचा वेग त्याच क्लॉकवर ठरतो. एफएसबी किती हवी हे प्रोसेसर बीएसईएल नावाच्या तीन पिनांवरून बोर्डाला कळवतो. त्या पिनांची स्थिती बदलली की क्लॉक बदलतं. लोक इतकंच वाचतात आणि त्याच रात्री लॅपटॉप उघडून बसतात. पुढचं वाचायला फार तर तासभर लागला असता.

चिपसेट न बघता सुरुवात करणं

चिपसेट म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि बाकी भागांशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिप. इंटेलचा मोबाइल ९४५ चिपसेट ५३३ आणि ६६७ मेगाहर्ट्झ एफएसबीसाठी आहे. ८०० त्यात नाहीच. तरी टी७२०० हा प्रोसेसर घेऊन 'याचा २.४ गिगाहर्ट्झ करायचाय' म्हणणारे भेटतातच. तो मुळात ६६७ चा, बसलेला ९४५ च्या बोर्डावर. वर जायला जागा कुठे आहे? त्याच बोर्डावर ५३३ चा पेंटियम ड्युअल-कोअर टी२०८० असेल तर मात्र ६६७ वर गेल्यावर १.७३ चे २.१६ गिगाहर्ट्झ होतात. ९६५ चिपसेटच्या बोर्डावरचा टी५७५० ६६७ वरून ८०० वर नेला की २.० चा २.४ होतो.

या दोन कामांची रीतही उलट आहे. ५३३ वरून ६६७ ला जाताना बीएसईएल१ 'लो'ची (कमी व्होल्टेज) 'हाय' (जास्त व्होल्टेज) करायची, म्हणजे ती पिन इन्सुलेट करायची, सॉकेटशी तिचा संपर्क तोडायचा. ६६७ वरून ८०० ला जाताना बीएसईएल० 'हाय'ची 'लो' करायची, म्हणजे ती ग्राउंडला (शून्य व्होल्टेजच्या पिनेला) जोडायची. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा फोटो बघून वायर टाकणारे इथेच फसतात.

पिनांचा नकाशा उलटा वाचणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. इंजिनीअरिंगचा एक मुलगा बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आला. "काका, फक्त एक वायर टाकली होती, दुसरं काही केलं नाही." बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि सगळं बंद.

प्रोसेसर काढून भिंगातून सॉकेट पाहिलं. तांब्याचा केसासारखा बारीक धागा दोन छिद्रांत नीट बसवला होता, काम सफाईचं होतं. जागा मात्र साफ चुकली होती. इंटेलच्या डेटाशीटमधला नकाशा प्रोसेसर वरून बघितल्यासारखा काढलेला असतो. याने प्रोसेसर पालथा घालून, पिना वर करून, डावीकडून मोजलं होतं. पालथा घातला की डावं ते उजवं होतं. त्यामुळे ग्राउंडला भलताच सिग्नल जोडला गेला.

बरं, पहिल्यांदा चालला नाही तेव्हा थांबावं ना! तर नाही, त्याने तोच धागा पुन्हा पुन्हा काढून घातला. शेवटी एक टोक छिद्रात मोडून बसलं. चिमट्याने ते काढण्यात माझी संध्याकाळ गेली. लॅपटॉप सुरू झाला, पण तिथला कॉन्टॅक्ट सैल झाला तो झालाच. उचलून दुसरीकडे ठेवला की हँग. शेवटी त्याला बोर्ड बदलावा लागला. धागा कोअरच्या व्होल्टेजवर पडला असता तर प्रोसेसरही गेला असता.

माझी सवय सांगतो. नकाशाचा प्रिंट काढतो आणि सॉकेटमध्ये वरूनच बघतो, म्हणजे दिशा जुळते. कोपऱ्यातली खूण जुळवून घेतो. पिन डावीकडून मोजतो, मग उजवीकडून. दोन्ही मोजण्या एकाच जागी आल्या तरच पुढे. ग्राउंड म्हणून निवडलेली पिन बाकीच्या ग्राउंड पिनांशी कंटिन्युइटी (विजेची सलग जोडणी) दाखवते का, हे प्रोसेसरवर मल्टिमीटरने बघतो. हे सगळं झाल्याशिवाय धागा हातात घेत नाही.

बाकीच्या चुका

इन्सुलेट करण्याऐवजी पिनच मोडून टाकणं: मला हे अजिबात मान्य नाही. परत पूर्ववत करायचा मार्गच उरत नाही.

चांदीचा कंडक्टिव्ह रंग: पसरतो, शेजारच्या पिनेला लागतो. धागाच वापरा.

बॅटरी आत ठेवून काम करणं. याला काही उत्तर नाही, आधी बॅटरी काढा.

स्वतःच्या हार्ड डिस्कवरून पहिला बूट: एफएसबी अस्थिर असेल तर फाइल्स खराब होतात. डिस्क काढून ठेवा, पेन ड्राइव्हवरून मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, मग प्रोसेसरवर ताण टाकणारं प्राइम९५.

ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावतात तो द्रव धातू): त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं. साधी चांगली पेस्ट पुरते.

प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये एफएसबी ८०० दिसते, पण प्रोसेसर १.२ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही? मॉड बरोबर झालाय. काही बायोस प्रोसेसर आणि एफएसबीची अनोळखी जोडी दिसली की मल्टिप्लायर ६ वर अडकवतात. वायरला हात लावू नका, थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममधून मल्टिप्लायर वर जातो का ते बघा.

डिसेंबरातल्या टेस्टवर विश्वास ठेवणं

कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके अंश वर धरून ठेवतो. नाशिकच्या थंडीत ८० वर थांबलेला प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यात शंभरीला टेकतो आणि स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे कमावलेलं सगळं गेलं. मी म्हणून आधी हीटसिंकच्या पात्यांतली धूळ काढतो, पेस्ट बदलतो आणि मॉडच्या आधीचं तापमान लिहून ठेवतो. मूळ वेगावरच नव्वदीच्या पुढे जाणाऱ्या लॅपटॉपला मी मॉड करत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.