आठवणीतल्या वस्तूंचं नवं फर्निचर करताना या चुका टाळा

आजीचा पाळणा, वडिलांचं मेज, पाडलेल्या घराची दारं घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा निम्म्या वस्तूंचं नुकसान आधीच झालेलं असतं. कोणीतरी सुट्टीच्या दिवशी हौसेने पॉलिश पेपर हातात घेतलेला असतो.

घासण्याची घाई करू नका. एकदा माझ्याकडे लिहायचं सागवानी मेज आलं. त्याच्या फळीपासून भिंतीला लावायचं छोटं टेबल करायचं होतं. फळीच्या पुढच्या कडेला, उजव्या बाजूला, वर्षानुवर्षं मनगट टेकून झिजलेली एक उथळ जागा होती. मी दुपारी बाहेर गेलो आणि नव्या शिकाऊ मुलाने मशीन लावलं. परत आलो तर फळी कोरी करकरीत, कड एका रेषेत. न्यायला आलेल्या ताईंनी टेबलाकडे नीट पाहिलंही नाही. कडेवरून दोनदा अंगठा फिरवला आणि विचारलं, "ती जागा कुठे गेली?" चूक माझी होती, मी मुलाला सांगूनच गेलो नव्हतो. लाकूड वाचलं होतं, पण ज्यासाठी वाचवलं तेच गेलं होतं.

तेव्हापासून कोणतंही हत्यार लावण्याआधी मी मालकाला वस्तूला हात लावायला सांगतो. हात आपोआप जिथे जातो तिथे खडूने खूण करतो, वर चिकटपट्टी लावतो. त्या भागाला रंधा नाही, पेपर नाही. बाकीच्या भागातही आधी ओलसर फडकं, मग आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा. पॉलिश मऊ पडून चिकट झालं तर ते बहुधा चपड्याचं, म्हणजे लाखेचं आहे. ते खरवडायची गरज नसते, त्यावरच नवा हात देता येतो. वेळ लागतो, लागू द्या. ज्यांना संध्याकाळपर्यंत चकाकी हवी असते त्यांनी नवं फर्निचर घ्यावं.

जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक. आधी तपासून घ्या.

करवत लावण्याआधी फळीवरून चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा पात्याचे दात घालवतो.

बारीक भोकं दिसली तर वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून ठोका. ताजी पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत असू शकते. ती वस्तू घरातल्या बाकी लाकडाजवळ नेऊ नका.

माझा दुसरा राग रुंद फळी चारी बाजूंनी चिकटवणाऱ्यांवर आहे. लाकूड जुनं झालं म्हणून हलायचं थांबत नाही. दमट हवेत ते रेषांना आडवं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. 60 सेंटीमीटर रुंद फळी ऋतूंच्या फरकाने तीन-चार मिलिमीटर सहज हलते. तिला लोखंडी चौकटीत गच्च आवळलं की ती मधोमध तडकते, आणि मग "जुनं लाकूडच कुजकं होतं" म्हणतात. मी फळी आधी दोन आठवडे त्याच खोलीत ठेवतो आणि चौकटीत स्क्रूसाठी लांबट भोकं पाडतो. तडे इपॉक्सीने, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने भरून त्याला पर्यावरणपूरक म्हणणं मला पटत नाही. सरसाचा, म्हणजे सुतारांच्या जुन्या गोंदाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन सुटतो, स्क्रू काढता येतो. इपॉक्सीने जाम केलेली वस्तू पुढच्या माणसाला उघडताच येत नाही, म्हणजे दुरुस्तीची वाट तुम्हीच बंद केली.

आठवणीतून नवी वस्तू करताना नक्षीची नक्कल करत बसू नका, मापं घ्या. एका गृहस्थांना आईच्या खुर्चीसारखी खुर्ची हवी होती. त्यांनी पाठीवरच्या वेलबुट्टीचे दहा फोटो आणले होते. मी जुनी खुर्ची मोजली तर बैठक 38 सेंटीमीटरवर निघाली, हल्लीच्या खुर्च्या साधारण 45 च्या. हातही नेहमीपेक्षा रुंद, वाटी ठेवता येईल इतके. मी वेलबुट्टी सोडून दिली आणि ती दोन मापं घेतली. खुर्ची तयार झाल्यावर ते बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर पसरले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. फोटोंचं पाकीट माझ्याच टेबलावर राहिलं.